मुक्काम कुरुळी, मार्गे कन्याकुमारी

हॉस्टेल चालवणाऱ्या घरात चादरी कमी पडतात, किस्से पडत नाहीत. आमच्या कुरुळीच्या घराचा वरचा मजला म्हणजे दहा खाटांचं हॉस्टेल. कंपन्यांतली पोरं कायमची, हायवेवरचे प्रवासी एका रात्रीपुरते. पण अनिकेतचे किस्से मी सांगू नयेत असं नवरा म्हणतो, कारण त्यात मी पण आहे.

तो सायकलवर काश्मीरहून कन्याकुमारीला निघालेला. दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, एकच रात्र." सासूबाईंनी सायकल खालून वरपर्यंत पाहिली. "का रं बाबा, रेल्वे बंद हाय का?"

मी आधार कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, त्याच्या आईचा नंबर घेतला आणि लगेच लावलाही. अकोल्याहून आईने एवढंच विचारलं, "जेवतोय का? मग राहू द्या तिथंच."

राहिला!

*

त्या सोमवारी चाकणच्या एका कंपनीत माझं ट्रेनिंग सुरू होत होतं. क्वालिटी विभाग, पंधरा दिवस, शेवटी इंटरव्ह्यू. ओवी झाल्यापासून मी तीन वर्षं घरी. ही संधी गेली तर पुन्हा कोण बोलावतंय?

पण ओवीला ठेवायचं कुठे? एका पाळणाघराच्या जिन्याला दार नव्हतं. दुसरीकडे दार होतं, पण ते आतून लागत होतं. सासूबाई स्वयंपाकात, आणि ओवीला चहात खारी बुडवून भरवतात. एवढी पारख करून मी पोरगी सोपवली कुणाकडे, तर आठवडाभर दाढी न केलेल्या परक्या माणसाकडे. कारण त्याच्या हातून ती वरणभात खाते.

*

सकाळी सहाला फर्स्ट शिफ्टची पोरं निघायची, तेव्हा हा पांघरुणात. मी निघायच्या वेळेला उठायचा आणि फोनवर स्टेटस टाकायचा, 'आज शरीराचं ऐकतोय.' वेल्डिंगवाला परभणीचा भागवत म्हणाला, "भावा, आमच्या सुपरवायझरला पण सांग की ऐकायला."

चौथ्या दिवसापासून ते शरीर फक्त मटकीच्या उसळीबद्दल बोलायला लागलं.

*

गल्लीतल्या मंडळाने त्याला रीतसर निरोप दिला. शाल, श्रीफळ, फ्लेक्स, हिरवा झेंडा. गडी मोशीपर्यंत गेला आणि जेवणाच्या वेळेला परत. म्हणे गुडघा! आम्ही नारळाची चटणी केली. तीन दिवसांनी पुन्हा निरोप, पुन्हा गुडघा, पुन्हा चटणी. तिसऱ्यांदा अध्यक्ष म्हणाले, "आधी सातारा गाठ. शाल कुरिअरनं पाठवतो."

*

विश्वास होता, तरी एके दिवशी जुना फोन डब्यांमागे रेकॉर्डिंगला लावून गेले. संध्याकाळी दार लावून पाहिलं. तासभर दोघं सायकलची घंटी वाजवताहेत. मग त्याचा चेहरा जवळ येतो. "वहिनी, बॅटरी दहा टक्के आहे. चार्जिंगला लावू का?"

*

चारचौघांत त्याला आळशी म्हणण्यात मी सगळ्यांच्या पुढे. पण सकाळी त्याने बॅग भरायला घेतली की मीच म्हणायचे, "आज खंबाटकी घाटात उलटा वारा आहे म्हणे. उद्या नीघ."

नवऱ्याने एकदा दूध ओतता ओतता विचारलं, "घाटातला वारा तुला इथं कुरुळीत कसा लागतो गं?"

*

पंधराव्या दिवशी इंटरव्ह्यू. समोर तिघं. मापं तपासायच्या गेजबद्दल दोन प्रश्न झाले आणि एचआरच्या मॅडमनी विचारलं, घरी मुलीला कोण सांभाळतं? माझ्या आधी आत गेलेला उमेदवार दोन मुलींचा बाप, त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. मी बाहेर खात्री करून घेतली होती.

उत्तर पाठ केलं होतं, सासूबाई म्हणून. तोंडातून निघालं भलतंच. "एक सायकलवाला आहे. काश्मीरहून कन्याकुमारीला चाललाय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मग तो कन्याकुमारीला पोहोचणार कधी?"

"तुम्ही मला घेतलंत तर नाही पोहोचणार, सर."