तिसऱ्या पिढीच्या मागे

जर्सी सिटीहून मॅनहॅटनला जाताना ट्रेनमध्ये एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ रोज शेजारी बसत. टॅबलेटवर ते आपली वंशावळ शोधत. एके सकाळी ते मध्ययुगातल्या एका इंग्लिश सरदारापर्यंत पोचले. मी अभिनंदन केलं, तर त्यांनी उजवा हात काखेत दडवला.

"यानं माणसांना घरात कोंडून गावं जाळली," ते पुटपुटले. "राग आला की माझाही हाच हात उठतो. तुम्ही किती मागे जाता?"

"श्राद्धाला आम्ही तीनच पिढ्यांची नावं घेतो."

"बरं करता. तिथंच थांबा."

मी मान हलवली. आजोबांचं नाव घेताना बाबांचा आवाज अजूनही का कापतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारणारही नाही.