आईवरचा आंबा

आमच्या भागात आता बरीच घरं रक्षा नदीत सोडत नाहीत. आपल्याच रानात खड्डा काढतात, रक्षा त्यात घालतात आणि वर झाड लावतात. कुंडलजवळच्या आमच्या रानात आईवर आंबा लावला. अठरा वर्षांत तो चांगला डेरेदार झाला. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांनी त्या झाडाला कधी आंबा म्हटलं नाही. "तुझ्या आईकडं जाऊन येतो," म्हणायचे आणि निघायचे. फौजेत हयात काढलेला माणूस, पण बोलणं असं. मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. आई असताना इतक्या वेळा ते तिच्याजवळ बसले नव्हते.

दोन वर्षं पावसानं दगा दिला. विहिरीनं तळ गाठला आणि तहानलेल्या झाडाला भिरूड कीड लागली. भुंग्याची अळी खोडात शिरून आतून पोखरते, बाहेर नुसता भुसा सांडलेला दिसतो. उपाय साऱ्या गावाला पाठ आहे. भोकात तार घालून अळी ओढायची, मग पेट्रोलचा बोळा कोंबून वरून चिखलानं लिंपायचं. मी इस्लामपूरला सासरी असते; रोज फोनवर तेच सांगत होते.

"तिच्या अंगात तार खुपसू? पेट्रोल वतू?" आबा म्हणाले. "तुला बोलवतं तरी कसं गं?"

त्याऐवजी त्यांनी टँकर मागवून बुंध्याशी पाणी ओतलं आणि भोकांना हळद लावली. अति लाडानं पोरं बिघडतात म्हणतात, इथं झाडच गेलं. दिवाळीपर्यंत त्यावर पान उरलं नाही.

नुसतं वाळून उभं राहिलं असतं तर मीही गप्प बसले असते. पण त्याच्या मोठ्या फांद्या पाणंदीवर आलेल्या, आणि त्याच पाणंदीनं बाया रानात तण भांगलायला जातात. एका दुपारी वारा नसताना एक फांदी मोडली. खालून जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर वैरणीचा भारा होता, म्हणून ती वाचली. कळलं तशी मी एसटी धरली आणि उंबऱ्यातूनच आबांवर खेकसले, "आई असती तर तिनं कुणाच्या डोक्यात फांदी पाडली असती का?"

संध्याकाळी आबा त्या बाईच्या घरी जाऊन आले आणि येताना झाडं तोडणाऱ्याला सांगून आले.

सकाळी तो दोन गडी घेऊन आला. झाडापुढं नारळ फोडला, हात जोडले. मग कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्यामागच्या बोथट बाजूनं, खोड ठोकत, कान देत चारी बाजूंनी फिरला.

"मेजर," तो म्हणाला. फौजेतून आलेल्याला आमच्याकडे सगळे मेजरच म्हणतात. "पार पोकळ हाय. वर चढाय नगं, दोर लावून रानाच्या अंगाला पाडतो. पर ह्यातलं लाकूड घरी न्हेऊ नगा, सरपणाला बी ठिवू नगा. आत कीड जित्ती हाय, शेजारच्या बागंत जाईल. हितंच जाळाय पायजे."

"जाळायचं?" आबांनी दोनदा विचारलं.

दुपारपर्यंत झाड पडलं. तुकडे करून पडीक कोपऱ्यात, उसापासून लांब, रचले. रचून झालं. ती सरळसरळ चिता दिसत होती. आबांना हे बघायला लागू नये म्हणून मी काडीपेटी तोडणाऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "आबा, तुमी घरी चला."

"दे हिकडं," आबा म्हणाले.

आई गेली तेव्हा ते सीमेवर होते. सुट्टी मिळून, गाड्या बदलत पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. अग्नी चुलत्यांनी दिला. आबांच्या वाट्याला फक्त रक्षा आली. एवढ्या वर्षांत त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी चपला काढल्या. वाळक्या पाचटाची चूड पेटवली, लाकडांभोवती एक फेरी घातली आणि वाकून ती खाली लावली. जाळ धरल्यावर हात जोडून म्हणाले, "आलो बघ. लय उशीर झाला गं."