सगळीकडे असंच आहे का?

संस्थेत माझ्या माघारी मला ‘सगळीकडेबाई’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पूर्वी राग यायचा. आता वाटतं, काही जणांनी याहून वाईट नावं बऱ्याच मेहनतीने कमावली आहेत.

मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवते, सत्तावीस वर्षं. स्वतःचं संशोधन करत नाही. इतरांनी जे बनवलं म्हणतात ते खरंच बनलंय का, एवढं बघून सांगते. संशोधक इवल्याशा बाटलीत गढूळसं पाणी घेऊन येतात. त्यातला एक थेंब टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर सोडायचा, सुकवायचा, जाळी यंत्रात सरकवायची, आतली हवा काढून टाकायची आणि तिच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा. साध्या उजेडात जे दिसणं शक्य नाही ते या झोतात दिसतं. नॅनो म्हणजे नक्की केवढं, असं नवीन मुलं विचारतात. मी सांगते, ही टिकली ताणून कात्रजपासून वाघोलीपर्यंत पसरली, तर आपण शोधतोय तो कण लिंबाएवढा असेल.

आता कोथरूडच्या एका गल्लीत लिंबू सापडलं, की संशोधक सगळं पुणं लिंबांनी भरलंय असं लिहायला मोकळा. ‘मॅडम, हाच फोटो काढा, हाच.’ मी काढते आणि विचारते, ‘सगळीकडे असंच आहे का?’ मग शेजारची गल्ली बघायची, मग पार दुसऱ्या टोकाचा पत्ता. निम्म्या वेळा तिथे शुकशुकाट असतो आणि समोरचा चेहरा पडतो. खोलीच्या दारावर मी पाटी लावली आहे, ‘चपला आणि अपेक्षा बाहेर काढून ठेवाव्यात.’ एका संचालकांनी दुसरी अट काढायला सांगितली होती. मी म्हटलं, मग पहिलीचाही काही उपयोग नाही. पाटी अजून तिथेच आहे.

या खोलीत बसून मी या विषयाच्या सगळ्या लाटा बघितल्या. एक काळ होता, जो तो चांदीचे कण घेऊन यायचा. मग ग्राफीन आलं, अणूच्या जाडीचे पापुद्रे. आता औषध थेट पेशीपर्यंत नेणारे थेंब येतात, बियाण्यांवरचे लेप येतात, आणि प्लॅटिनमचा एकेक अणू सुटासुटा बसवलेल्या पावडरी येतात. आमचं नवं यंत्र तो एकटा अणूही दाखवतं. पहिल्यांदा तो पडद्यावर दिसला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. कोणासाठी उभी राहिले, ते माझं मलाच कळलं नाही.

पण सांगायची गोष्ट चांदीचीच आहे.

आमच्या मजल्यावर जिन्यासमोर एक मोठा फोटो लावलेला होता. चांदीच्या एका क्षाराच्या लांब सुया, आणि प्रत्येक सुईवर शुद्ध चांदीचे गोल, एकसारखे ठिपके. पंधरा वर्षांपूर्वी जुन्या यंत्रावर मी तो काढला होता. आमच्या मजल्यावरची प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचा दावा असा होता की हे ठिपके साध्या पाण्यात आपोआप उगवतात, ना भट्टी लागते ना दुसरं रसायन. त्यांचा तो निबंध गाजला. फोटोखाली बारीक अक्षरात माझं नाव होतं. यंत्र चालवणाऱ्यांची नावं भिंतीवर लागत नाहीत. निबंधाच्या शेवटी आभारात आली तर आली. त्यामुळे त्या ओळीवरून रोज जाता-येता माझी नजर फिरायची, आणि फिरायची ती आवडीने, हे कबूल करायला हरकत नाही.

तीन वर्षांपूर्वी सरांकडे पीएचडी करणारी एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. वाशीमकडची. वाघोलीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि दोन बस बदलून यायची. याच सुया कापसाच्या पट्टीत बसवून जखमेवर लावायच्या, असा तिचा विषय होता. चांदी जंतू मारते, तेव्हा ठिपके जितके जास्त तितकी पट्टी चांगली. अडचण एकच होती. तिच्या सुयांवर ठिपके येतच नव्हते.

“मॅडम, सरांच्या निबंधात लिहिलंय तस्संच करून राहिले मी,” ती म्हणायची. “पाणी तेच, दिवस तेवढेच. काही सोडलं नाही.”

दर आठवड्याला ती नवी जाळी आणायची. दर आठवड्याला सुया असायच्या स्वच्छ, धारदार, आणि बोडक्या. मी सवयीने विचारायचे, सगळीकडे असंच आहे का? सगळीकडे तसंच असायचं. दोन वर्षं अशी गेली. तिच्या पट्ट्यांनी काचेच्या बशीत वाढवलेले जंतू मात्र व्यवस्थित मारले होते, तर सर म्हणाले, ठिपके नसताना जंतू मरतीलच कसे, म्हणजे तीही चाचणी चुकली असणार. तिचा हात चांगला नाही, असं प्रयोगशाळेत बोललं जाऊ लागलं. पंधरा दिवसांनी समितीपुढे तिची तपासणी होती. तिथे ठिपके दाखवता आले नाहीत तर तिची नोंदणी रद्द होणार होती.

माझंही मत तिच्या हाताबद्दल वेगळं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते. मी तिला जिन्यापाशी नेऊन फोटो दाखवला होता आणि म्हटलं होतं, “हे बघ, असं यायला हवं.” ती मान वर करून बघत राहिली आणि हो म्हणाली.

मग एके दिवशी ती सकाळी दहाला जाळी घेऊन आली. मी यंत्र लावलं, एक सुई शोधली, बोडकी होती. तेवढ्यात आईचा फोन आला. आईचं डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि थेंब कोणत्या क्रमाने घालायचे यावर तिचं आणि तिच्या सांभाळणाऱ्या बाईंचं एकमत होत नव्हतं. मी बाहेर जाऊन दोघींनाही समजावलं. परत आले तेव्हा झोत तसाच चालू राहिलेला होता. मुलगी पडद्याला नाक लावून बसली होती.

सुईवर ठिपके होते. गोल, एकसारखे, अगदी जिन्यासमोरच्या फोटोतले.

ती रडायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, “आले बाई एकदाचे.” मग सवय ती सवय. मी जाळी सरकवली आणि शेजारची सुई बघितली. बोडकी. तिच्या पलीकडची, बोडकी. पार दुसऱ्या टोकाची, तीही बोडकी. ठिपके होते ते फक्त मघाच्या सुईवर, जिथे मी झोत सोडून फोनवर गेले होते.

मी एक कोरी सुई घेतली, झोत पूर्ण वाढवला आणि हात मांडीवर ठेवून बसले. थोड्या वेळाने सुईच्या कडेला एक काळा बिंदू आला. मग दुसरा. पापडावर फोड यावेत तसे ते आमच्या डोळ्यांदेखत फुगत गेले. आपोआप वगैरे काही नव्हतं. झोताच्या माऱ्याने क्षारातली चांदी सुटी होऊन बाहेर येत होती. आम्ही बघत होतो म्हणून ठिपके तयार होत होते.

जुन्या यंत्रावर कॅमेऱ्याचा पडदा नव्हता. अंधारात जाड काचेतून हिरव्या चकाकत्या पट्टीवर बघायला लागायचं, आणि चित्र स्पष्ट करायला झोत वाढवून पाच-दहा मिनिटं त्याच जागी थांबावं लागायचं. नवं यंत्र अतिशय मंद झोतात डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो घेतं. म्हणून मुलीच्या सुया इतके दिवस बोडक्या दिसत होत्या. बोडक्याच होत्या त्या. पंधरा वर्षांपूर्वीही बोडक्याच होत्या. आणि तेव्हा मी प्रश्न विचारला नव्हता असं नाही. विचारला होता, गल्ली न् गल्ली फिरले होते. जिथे गेले तिथे दहा मिनिटं थांबले, आणि जिथे थांबले तिथे ठिपके उगवले. सगळीकडे असंच आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

“मॅडम, आता समितीला काय सांगायचं?” तिने विचारलं. डोळे पुसून झाले होते. “ही एक सुई दाखवली तर पास होईन मी.”

खरं होतं ते. आणि मी गप्प बसले असते तर माझंही नाव भिंतीवर राहिलं असतं. मला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. झाला, आणि साधारण एक कप चहा संपेपर्यंत टिकला. पण ज्या प्रश्नाने मी इतक्या जणांचे चेहरे पाडले तो माझ्यापुरता गिळून टाकला असता, तर ती दारावरची पाटी मला स्वतःच्या हाताने उतरवावी लागली असती.

सर त्यांच्या खोलीत पेपर तपासत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

“बाई, तो फोटो तुम्हीच काढलाय.”

“म्हणूनच मी सांगायला आलेय.”

“आणि पंधरा वर्षांनी आज आठवलं?”

“आठवलं नाही, सर. आज दिसलं. आपणही येऊन बघा.”

आले. मुलगी दाराशी उभी राहिली. मी सरांना म्हटलं, आपणच जागा सांगा, मी निवडत नाही. त्यांनी एक जागा सांगितली. मंद झोतात फोटो घेतला, सुई कोरी होती. झोत वाढवला, आणि आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. ठिपके आले. सरांनी दुसरी जागा सांगितली, मग तिसरी. त्यानंतर त्यांनी जागा सांगणं थांबवलं. तो निबंध त्यांचा फार लाडका होता, आणि त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल खरोखर वाईट वाटत होतं.

शेवटी ते मुलीकडे वळले. “तुझी जंतूंची चाचणी. ठिपक्यांशिवाय पट्टी काम करते, ती.”

“हो सर.”

“किती वेळा केलीस?”

“नऊ वेळा.”

“नऊही वेळा तेच?”

“हो सर. सगळ्या बश्यांत तेच.”

“मग बरोबर आहे ती,” सर म्हणाले. “क्षारच काम करतो. ठिपक्यांची गरजच नव्हती.” जाता जाता दाराशी थांबून ते पुटपुटले, “मी तुला उगाच बोललो.” आमच्या सरांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे दुसऱ्या कोणी पाया पडण्यासारखं आहे.

समितीपुढे ती उभी राहिली तेव्हा मी मागच्या रांगेत होते. एका परीक्षकांनी कोरड्या आवाजात विचारलं, “म्हणजे दोन वर्षांत तुम्हाला कण सापडलेच नाहीत?” ती म्हणाली, “नाहीत सर. ते कधी नव्हतेच. हे पाहा झोताआधी, हे झोतानंतर.” आवाज जराही हलला नाही. तिची नोंदणी राहिली. निबंधाची दुरुस्ती सरांनी पाठवली, त्यात तिचं नाव पहिलं, त्यांचं शेवटचं, आणि मधे माझं. आभारात नाही, लेखकांत. चूक कबूल केल्याबद्दल मिळालेला तेवढा मान मी आनंदाने घेतला.

जिन्यासमोरचा फोटो मीच उतरवला. खिळा चांगला होता, म्हणून त्यावर मुलीने काढलेला फोटो लावला. तशीच सुई, मंद झोतात, स्वच्छ आणि बोडकी. खाली तिचं नाव. पाहुणे आले की त्याच्यापुढे थांबतात, जवळ जातात, मागे सरकतात. परवा एक जण वैतागून म्हणाले, “अहो, यात तर काहीच दिसत नाही.”

“हो,” मी म्हटलं. “सगळीकडे असंच आहे.”