चांदवडची जोडी, रशियन जोडी

आमच्या घरात देवपूजेच्या वेळी बोललेलं चालायचं, बातम्यांच्या वेळी भांडलेलं चालायचं, पण सासूबाई व्हॉल्व्ह बदलून ऐकायला बसल्या की कुकरची शिट्टीसुद्धा खपायची नाही. लग्न होऊन मी नाशिकच्या इंदिरानगरात आले त्याच आठवड्यात मला हा प्रसाद मिळाला. मी आपली आमटीला फोडणी देत होते. हॉलमधून हाक आली, "मंजू, तुझी ती मोहरी थांबव जरा!" आता तडतडायला लागलेली मोहरी थांबवतात कशी, हे मला माहेरी कोणी शिकवलं नव्हतं. गॅस बंद केला, कढई झाकली आणि बाहेर येऊन बघते तर आई खुर्चीत ताठ बसलेल्या, पाठ यंत्राकडे आणि तोंड भिंतीकडे. "बघून ऐकलं की कान लबाडी करतात," एवढंच म्हणाल्या. हे प्रकरण जड जाणार, असं मला तेव्हाच वाटलं.

यंत्र म्हणजे गाण्याचा अ‍ॅम्प्लिफायर, जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. चांगलं शेगडीएवढं लोखंडी धूड. चालू केलं की व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट बघायची, मग आत नारिंगी उजेड दिसायचा आणि हळूहळू आवाज यायचा. सासऱ्यांनी तरुणपणी मुंबईहून सुटे भाग आणले होते, पण जोडला तो आईंनी. त्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि तारा सांधायचं सोल्डरिंग आयर्न त्यांच्या हातात उलथन्यासारखं शोभायचं. सासरे मी येण्याआधीच गेले होते. कॉलनीतली पोरं आईंना 'व्हॉल्व्हवाल्या आजी' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

आवाजाबद्दल बोलताना त्या स्वयंपाकघरातले शब्द वापरायच्या. एखाद्या व्हॉल्व्हचा आवाज "पाणचट" असायचा, एखाद्याचा "करपलेला", एखाद्याला "मीठच नाही". ऐकायची तबकडी मात्र ठरलेली, सारंगीची. तीच ती सारंगी ऐकून ऐकून मला तिचा वीट आला होता. एकदा म्हटलं, "आई, दुसरं काहीतरी लावा ना, बदल म्हणून." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, दोन तांदूळ तपासायचे तर एकाचा भात आणि एकाची खीर करून कसं कळेल?" कप्पाळ माझं! मी गुपचूप कुकर लावायला गेले.

छोटे व्हॉल्व्ह आई अधूनमधून बदलायच्या, पण एका दिवाळीच्या तोंडावर मुख्य व्हॉल्व्हची मूळची जोडीच गेली. जोडीच लागायची, एकटा व्हॉल्व्ह चालायचा नाही. सुधीर, म्हणजे माझा नवरा, ऑफिसच्या कामाला मुंबईला गेला होता तेव्हा नवी कोरी रशियन जोडी घेऊन आला. रविवारी सकाळी आईंनी ऐकली आणि नाक मुरडलं. "कोरडी आहे. भाकरीला तूप लावायला विसरल्यासारखी." सुधीर हिरमुसला. पण बाई गप्प बसणाऱ्या थोड्याच? कुठूनतरी त्यांना कळलं की चांदवडला त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या घरी मंडप-लाउडस्पीकरचा धंदा होता आणि माळ्यावर जुने व्हॉल्व्ह पडून आहेत. दुसऱ्या दिवशी मला रजा घ्यायला लावून आम्ही दोघी एसटीत.

विद्यार्थिनीचे सासरे, बाळूअण्णा, दारातच खाट टाकून बसले होते. त्यांनी पोत्यातून एक जोडी काढून धोतराला पुसली. "ह्या जोडीवर लय लग्नं लागली, बाई. नवरी रडाया लागली का आवाज वाढवायचो." आई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणजे रियाज झालाय हिचा." बाळूअण्णा खूश! "मंग काय! आता हे कोन वापरतंय? घेऊन जा," म्हणाले आणि वर पिशवीभर कांदेही दिले. परतताना कांद्यांची पिशवी माझ्या मांडीवर आणि व्हॉल्व्ह आईंच्या पदरात, नातवंडाला धरावं तसे. घरी येऊन जोडी लावली, सारंगी वाजली आणि आई म्हणाल्या, "हं. आता जेवायला बसावंसं वाटतंय."

सगळं असंच चाललं असतं, पण सुधीरने सीडी प्लेअरचा मोठा संच आणला. त्याचे उंच स्पीकर ठेवायचे कुठे? गुढीपाडव्याआधी हॉल रंगवायचा होता, तेव्हाच हे जुनं धूड काढून टाकू, असं तो म्हणायला लागला. आईंनी साफ नकार दिला. तो म्हणाला, "आई, तुला वाटतं तो फरक नसतोच गं. मनाचे खेळ आहेत सगळे." झालं! शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी प्रकरण पैजेवर आलं. यंत्राकडे पाठ करून आईंनी चांदवडची जोडी कोणती आणि रशियन कोणती हे ओळखायचं. ओळखलं तर यंत्र हॉलमध्ये राहील आणि सुधीर पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही ओळखलं तर भंगारात. "कबूल," आई म्हणाल्या, "आणि हरले तर भंगारवाल्याला हाक मी मारीन."

रात्रीची भांडी आवरताना मी त्यांना म्हटलं, कशाला एवढं पणाला लावायचं? त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आयुष्यभर स्वयंपाक केला, तो त्या त्या दिवशी संपला. मुली शिकवल्या, त्या निघून गेल्या. माझ्या हातची म्हणून एवढी एकच वस्तू राहिलीय, मंजू. आणि मला काही ऐकू येत नाही असं माझाच मुलगा म्हणतोय." त्यांचा आवाज कापरा झालेला मी पहिल्यांदा ऐकला. मला सुधीरचा असा राग आला म्हणून सांगू!

तयारी जोरात सुरू झाली. कपाटातून धूड बाहेर ओढल्याशिवाय व्हॉल्व्ह बदलता यायचे नाहीत आणि ओढायला सुधीर लागायचा, म्हणून आठवडाभर चांदवडची जोडी आणि रविवारी सकाळी रशियन, संध्याकाळी परत चांदवड, असा क्रम पडला. अख्खा हिवाळा आईंनी ह्यात काढला. दर रविवारी एकच निकाल: रशियन कोरडी, खणखणीत, कान टोचणारी. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. आता डोळे मिटूनसुद्धा ओळखीन, असं त्या छातीठोक सांगायच्या.

परीक्षेचा रविवार उजाडला. आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून बसलो. सुधीर मागे खटपट करायचा, व्हॉल्व्ह तापू द्यायचा आणि सारंगी लावायचा. आई म्हणाल्या, "रशियन." पुन्हा खटपट, पुन्हा सारंगी. "हीसुद्धा रशियनच." पुढेही प्रत्येक वेळी त्या "रशियन" असंच म्हणत गेल्या. शेवटी सुधीर हळू आवाजात म्हणाला, "आई, निम्म्या वेळा चांदवडची होती." आई उठून आत गेल्या आणि दुपारी जेवल्याही नाहीत. सुधीरलाही ते जिंकणं पचलं नसावं, कारण जोडी न बदलताच तो बाहेर निघून गेला.

सोमवारी संध्याकाळी मी बँकेतून आले तर आई दारातच उभ्या. "चप्पल नंतर काढ. आधी ऐक." आत रशियन जोडीच होती आणि सारंगी अशी गोड वाजत होती की विचारू नका. "कालची करपलेली जोडी आज गोड कशी झाली? काल आणि आजमध्ये ह्या खोलीत काय बदललं?" मी म्हटलं, "काही नाही हो. काल गाद्या तेवढ्या गच्चीवर होत्या."

ह्या गाद्यांचं सांगायला हवं. नाशिककराच्या घरी नातेवाईक कधी टपकतील ह्याचा नेम नसतो. कोणी रामकुंडावर विधी करायला, कोणी त्र्यंबकला, आणि सिंहस्थात तर विचारूच नका. म्हणून आमच्या हॉलच्या कोपऱ्यात जादा गाद्यांची छताला टेकेल अशी चळत कायम रचलेली असायची. मला ढेकणांची भारी धास्ती, त्यामुळे दर रविवारी सकाळी मी त्या सगळ्या उन्हात टाकायचे आणि संध्याकाळी परत रचायचे.

आईंचे डोळे मोठे झाले. खोलीच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी एक टाळी वाजवली. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल, गाद्या काढ." आम्ही दोघींनी धापा टाकत सगळ्या गाद्या बाहेरच्या व्हरांड्यात नेल्या. पुन्हा टाळी. ह्या वेळी आवाज शोषायला गाद्या नव्हत्या, खोली खण्णकन वाजली. आई मटकन खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, अख्खा हिवाळा मी त्या रशियन जोडीला शिव्या घातल्या आणि दोष तुझ्या गाद्यांचा!" मी फणकाऱ्याने म्हटलं, "माझ्या गाद्यांचा कसा? त्या नसल्याचा!" "तेच ते," त्या म्हणाल्या आणि गादी उचलायला लागल्या.

त्यांनी सुधीरला सगळं सांगितलं आणि पुन्हा परीक्षा मागितली. कुरकुर करत तो तयार झाला. ह्या वेळी गाद्या जागच्या जागी, खिडक्या बंद, आणि मला सक्त ताकीद की चळतीला हात लावायचा नाही. पुन्हा आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून बसलो. खटपट, सारंगी, खटपट, सारंगी. आई ह्या वेळी सारख्या "पुन्हा लाव," म्हणायच्या. कपाळावर घाम आला होता. मी मनात म्हणत होते, अहो, काहीतरी ठोकून द्या, नशीब असलं तर बरोबर येईल. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "सुधीर, मला फरक ऐकू येत नाही. सगळं सारखंच वाजतंय. हरले मी."

मला वळून बघवेना. मागून सुधीरचा आवाज आला, अगदी विचित्र. "राहू दे, आई. ठेवू आपण ते हॉलमध्येच." आई ताडकन उठल्या. "दया नकोय मला. शब्द म्हणजे शब्द. उद्या भंगारवाल्याला बोलावते." आणि बोलावलंही असतं त्यांनी, मला पक्कं माहीत होतं.

कुठून बळ आलं कोण जाणे, मी म्हटलं, "पैज तुम्हा मायलेकांची. मी कुठे शब्द दिला होता? हॉल माझाही आहे आणि मला ते यंत्र इथेच हवंय. स्पीकर न्या बेडरूममध्ये!" आई माझ्याकडे टकमक बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आता हे तुझं. मग सोल्डरिंग शिकावं लागेल." दुसऱ्याच दिवशी मला टेबलाशी बसवलं. माझा पहिला टाका पाहून म्हणाल्या, "हे काय, पिठलं सांडलंय का? पुन्हा कर." काय सांगू, नाकी नऊ आणले बाईंनी. पण शिकवूनच सोडलं.

त्यानंतर यंत्र बरीच वर्षं हॉलमध्ये वाजत राहिलं. काही बिघडलं की मी दुरुस्त करायचे आणि आई खुर्चीतून चुका काढायच्या. पुढे त्यांचं हृदय थकलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांची खाट आम्ही हॉलमध्येच टाकली. एक दिवस जुनी विद्यार्थिनी भेटायला आली, तिला आई सगळी हकिगत रंगवून सांगत होत्या. "मी हरलेच होते गं, पण सुनेनं यंत्र वाचवलं." सुधीर चहाचा ट्रे घेऊन उभा होता. विद्यार्थिनी गेल्यावर तो खाटेशी बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"आई, त्या दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी जोडी बदललीच नव्हती. नुसती काढून परत तीच लावत होतो. तू काहीतरी ठोकून देशील आणि पकडली जाशील, असं वाटलं मला. तू सारखंच आहे म्हणालीस आणि माझी जीभच उचलेना."

मी हातातला कप खाली ठेवला. इतकी वर्षं! इतकी वर्षं ही बाई स्वतःला हरलेली समजत होती आणि हा गप्प? मी तोंड उघडणार होते, पण आईंनी हात वर केला. त्या सुधीरकडे बघत होत्या, आणि रागावलेल्या दिसत नव्हत्या. "म्हणजे माझं बरोबर होतं."

"हो, आई."

"मग रडतोस काय? ऊठ. आता खरोखर बदल."

डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून बजावलं होतं. मी तसं म्हणूनही पाहिलं. "ऐकायला कसली आलीय दगदग?" म्हणाल्या आणि स्वतःच भिंतीकडे कूस वळवली. सुधीरने धूड ओढलं. ह्या वेळी मी त्याच्याशेजारी उभी राहिले, प्रत्येक जोडी डोळ्यांनी बघत. सारंगी लागली. आईंनी डोळे मिटून घेतले होते. "चांदवड," त्या म्हणाल्या. बरोबर होतं. सुधीरने जोडी बदलली. "रशियन." पुढच्या वेळी त्याने मुद्दाम तीच ठेवली. "अजून रशियनच. फसवू नकोस." त्या एकदाही चुकल्या नाहीत. सुधीर हुंदके देत देत व्हॉल्व्ह बदलत होता आणि त्या शांतपणे ओळखत होत्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "फरक आहे. थोडासाच आहे, पण आहे." मग हसल्या. "आणि खरं सांगू? मला रशियन आवडली. इतकी वर्षं बिचारीला उगाच नावं ठेवली. तीच राहू दे आता आत."

सुधीरने ती लावली. महिन्याभराने आई गेल्या तेव्हा यंत्रात रशियन जोडीच होती, आणि त्यानंतर सुधीरने त्या यंत्राला मला हात लावू दिलेला नाही.