मामांची तांब्याची पायपलाईन

समोरासमोर आलेली दोन टोकं जोडल्याशिवाय ज्याला जेवण जात नसे असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. कोल्हापुरात शिवाजी पेठेत त्यांचं घर. हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली; पण निवृत्तीचा हार गळ्यातून निघतो न निघतो तोच त्यांनी ब्लो लँप, कथील आणि नवसागर आणून मागच्या पडवीत ठाण मांडलं. डाख देणं, म्हणजे कथील वितळवून धातूला धातू सांधणं, हे त्यांच्या मते माणसाचं मूळ काम. शेती, संसार आणि राज्यकारभार ही मागाहूनची खुळं. छत्रीच्या काड्या, चष्म्याची दांडी, मामींचा झारा, काहीच सुटलं नाही. माझ्या लग्नापर्यंत हात इतका सरावला होता की वरातीतल्या ट्रम्पेटमधून हवा गळतेय असं कानाला लागताच त्यांनी वरात थांबवली आणि ते तिथंच डाखून दिलं. फुटलेलं जोडलंच, पण जी बटणं खालीवर व्हायला हवीत तीही जोडून टाकली. वाजवणारा बिचारा घरापर्यंत एकच सूर फुंकत आला. "आता कसा ठाम वाजतोय बघा!" मामा म्हणाले. बँडवाल्याची माफी नवरदेवानं, म्हणजे मी मागितली. मी स्वभावानंच अपराधी माणूस. शेजारच्याला ठसका लागला तरी माझंच काहीतरी चुकलं असं मला वाटतं.

आमची बदली कोल्हापूरला झाली आणि मी मामांच्या तावडीत सापडलो. त्यांच्याकडे गेलेल्याला पाण्याच्या आधी पॉलिश पेपरचा तुकडा मिळे. "पावणं, बसा. हे घासा." तांबं आरशासारखं झाल्याशिवाय डाख धरत नाही, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. "च्या हुईस्तोवर त्यात तोंड दिसलं पायजे."

"कुणाचं?" मी एकदा विचारलं.

"तुमचंच की! माझं मला ठाऊक हाय."

पोस्टमन घासून गेला, दूधवाला घासून गेला, आणि देणगी मागायला आलेली तालमीची दांडगी पोरं तर पावतीपुस्तक विसरून तासभर घासत बसली.

या सगळ्याचं टोक म्हणजे गरम पाण्याची पायपलाईन. मामींना संधिवात. बोटं वाकडी झालेली, परसातल्या बंबापासून न्हाणीपर्यंत बादली उचलवत नसे, आणि मामांना उचलू दिली तर ते वाटेत कुठलातरी सांधा तपासायला थांबत. शेवटी मामींनी निकाल दिला : "दिवाळीपतोर न्हाणीत नळाला गरम पाणी आलं तर ठीक, न्हायतर मी मुरगूडला लेकीकडं. कायमची." मामा हसले, पण त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली. मामींशिवाय त्यांना स्वतःचा टॉवेलसुद्धा सापडत नसे.

बंब गच्चीवर चढला. तिथून सरळ खाली न्हाणी. पण मधे देवघराची भिंत, आणि तिला भोक पाडायची मामींनी बंदी केलेली. मग उद्यमनगरच्या भंगारातून आणलेले तांब्याच्या नळीचे तुकडे टोकाला टोक जोडत मामांनी घराला वळसाच घातला. नळी जिन्यावरून उतरली, सोप्यात आली, लग्नाच्या फोटोखालून गेली आणि माजघराच्या दारावरून वळून न्हाणीशी पोचली. मी नळी धरायचो. थेंब गळला की आधी "चुकलं" म्हणायचो आणि मग बघायचो.

शेवटचा सांधा मात्र अडला. तपासणीसाठी सोडलेल्या पाण्यातलं थोडं नळीत राहिलं होतं, ते थेंब थेंब येई आणि ओल्यावर डाख बसत नाही. मिसळीच्या दुकानात एका प्लंबरनं युक्ती सांगितली : नळीत पावाचा गोळा कोंबायचा, डाख होईस्तोवर तो पाणी अडवतो, मग विरघळून वाहून जातो. मामांना युक्ती पटली, पाव पटला नाही. "पाव मिसळीत बुडवायला असतोय. आपण भाकरी घालू. भाकरीवर पैलवान उभं ऱ्हात्यात, पाणी अडायचं न्हाय व्हय?" मामींनी थापलेली ज्वारीची भाकरी मळून त्यांनी नळीत ठासली. सांधा असा देखणा झाला की मामा दोनदा जवळून आणि एकदा लांबून बघून आले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मामांनी बंब पेटवला. आम्ही अंगाला तेल-उटणं चोपडून न्हाणीच्या दारात ओळीनं उभे. मुरगूडहून लेक आलेली, तिनं आईची ट्रंक भरून उंबऱ्यापाशी ठेवलेली. मामांनी नळ सोडला. काही नाही. भाकरी ब्लो लँपच्या आचेनं आत खरपूस भाजून वीट झाली होती. मामांनी नळाला तोंड लावून फुंकलं. गाल फुगले, डोळे फुगले, भाकरी हलली नाही.

"बाबा, उचलू का ट्रंक?" लेकीनं विचारलं.

"थांब गं!" म्हणत मामा तसेच तेलकट अंगानं तालमीत धावले आणि तिथल्या फुटबॉल संघाचा पंप घेऊन आले. पंप नळाला लावला, फडक्यानं आवळला आणि मला म्हणाले, "पावणं, मारा!" मी मारला. वर गच्चीवर बंब गुडगुडला, सोप्यात लग्नाचा फोटो थरथरला. मामांनी पंप ओढून काढला, मी "चुकलं" म्हणेपर्यंत काळीठिक्कर भाकरी सुटून माझ्या छातीवर आदळली आणि मागून पाणी आलं. "आली! आली!" मामा नाचायलाच लागले. माझी बायको हसून हसून ओल्यात बसली.

लेकीनं बोट लावून बघितलं. "ह्ये काय गरम हाय व्हय? नुसतं कोमट." खरंच होतं. घरभर फिरून येईतो पाण्यातला सगळा जीव गेला होता. मामांचा नाच थांबला.

मामी पुढं झाल्या. वाकडी बोटं नळाखाली धरली आणि धरूनच ठेवली. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मला लई चटका नकोच हाय. ती ट्रंक आत ठेव गं." मामा पाठ फिरवून फडक्यानं कोरडा सांधाच पुसत राहिले.

मामी मुरगूडला गेल्या त्या मामा गेल्यानंतरच. परवा भेटायला गेलो. लेकीच्या घरी विजेचा गीझर आहे, कळ दाबली की वाफाळतं पाणी. मी कौतुक केलं, तर मामी हातांची घडी घालत म्हणाल्या, "लई कडक येतंय, पावणं. निवेस्तोवर बसून ऱ्हाते."