तीन बोटांचा उंबरा

घरातली फरशी बदलायचं ठरलं तेव्हा हिशेब आपोआप माझ्याकडे आला, कारण आमच्याकडे पैशाचं बोलणं मीच करते. आमचे हे भला माणूस. दुकानदाराने चहा पाजला की यांना भाव विचारायची लाज वाटते. मी शाळेत शिकवते, वर्गभर पोरांना गप्प बसवते, मला एक टाइलवाला काय ऐकवणार! भिशी माझ्या नावावर लागली होती, थोडे यांनी सोसायटीतून उचलले, सगळे मिळून एक लाख वीस हजार झाले. याच्या वर एक रुपया नाही, असं मी जेवताना जाहीर करून टाकलं. हे मान हलवून वरण ओतून घेत राहिले.

नांदेडचं हे घर मामांनी बांधलेलं. मामा म्हणजे माझे सासरे, एसटीत ड्रायव्हर होते. घरात सगळीकडे शहाबादी फरशी. उन्हाळ्यात गार लागायची, पण आता जागोजागी पोपडे निघाले होते, सांधे उकलले होते, कितीही झाडा, पायाखाली कचकच. तरी तेवढ्यासाठी मी भिशीचे पैसे मोडले नसते. हे सगळं मामांसाठी चाललं होतं.

मागच्या वर्षी मामांना लकवा मारला. डावी बाजू गेली. पुढे व्यायामाने पाय बऱ्यापैकी परत आला, हात मात्र अर्धाच आला. चार पायांचा वॉकर धरून ते सपाट जागेवर चालायला लागले, आणि मग कळलं की आमच्या घरात सपाट जागाच नाही. मामांच्या खोलीला उंबरा, स्वयंपाकघराला उंबरा, मोठ्या दाराला उंबरा. चांगले तीन बोटं उंच, सागवानी. वॉकर उचलून पलीकडे ठेवायचा तर दोन्ही हातांत जोर लागतो. मामा उंबऱ्यापर्यंत यायचे, थांबायचे आणि हाक मारायचे, "कोण हाय का रे?" आम्ही दोघं नोकरीवर गेलो की घरात एकट्या आत्याबाई, माझ्या सासूबाई. त्या मामांच्या खांद्याला लागतात. त्यांनी मामांना धरायचं की मामांनी त्यांना, तेच कळायचं नाही.

एकदा माझ्या लक्षात आलं, सकाळी त्यांच्या उशाशी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच असतो. मी रागावले. मला राग पटकन येतो. म्हटलं, "मामा, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? पाणी का पीत नाही तुम्ही?"

मामा खिडकीकडे बघत म्हणाले, "पाणी पिलं की उठावं लागतं. उठलं की हाक मारावी लागती. मी काय गाठोडं हाय का, दर घडीला कुणीतरी उचलून पल्याड ठिवायला?"

मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांची आदळआपट केली आणि रडले. मग डोळे पुसून मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री आला, टेप लावून खोल्या मोजल्या. माझा बेत साधा होता. शहाबादी उखडायची, उंबरे कापून टाकायचे आणि पाय न घसरणारी फरशी घालायची, मामांच्या खोलीपासून मोठ्या दारापर्यंत एकसारखी. बाथरूमला खरखरीत टाइल, आणि ओट्याच्या वरच्या भिंतीला माझ्यासाठी फुलांची. ती फुलांची टाइल मी मोबाइलमध्ये कधीची साठवून ठेवली होती. तेल उडून पिवळी पडलेली ती भिंत बघून बघून मी कंटाळले होते. कुणी काही म्हणो, तेवढी हौस मी बजेटमध्ये बसवलीच होती.

मिस्त्री म्हणाला, "उंबरे कटर मारून उडवून टाकू. अर्ध्या दिवसाचं काम."

हे ऐकताच आत्याबाई मोठ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नुकतीच आंघोळ आणि लिंगपूजा झालेली, कपाळाला विभूती, हातात हळदकुंकवाचा करंडा. त्या निलंग्याच्या पलीकडच्या, पार सीमेवरच्या गावच्या. बोलण्यात कानडी येतंच. उंबऱ्याला त्या होस्तिल म्हणतात.

"होस्तिल फोडायचं नाव काढायचं न्हाई."

"अहो आत्याबाई, मामांना चालता यावं म्हणून तर..."

"मला कळतं कशापायी ते. पर होस्तिलाला हात लावायचा न्हाई."

मग मीही पेटले. म्हटलं, जिता माणूस मोठा की लाकूड मोठं? घरात सगळे खाली बघायला लागले. हे तर लगेच चप्पल शोधायला लागले, काही बाहेरचं काम आठवलं असणार. मिस्त्रीने टेप गुंडाळला.

आत्याबाई भांडल्या नाहीत. उंबऱ्यापाशी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ह्ये आजारी पडल्यापासून रोज सकाळी इथं हळदकुंकू लावून मी एकच मागून राह्यले. ह्यांला आपल्या पायानं हे होस्तिल ओलांडू दे. दुसरं काही मागितलं न्हाई. जिथं मागितलं तेच फोडायचं, मग मागणं कुठं जायचं माझं?"

  आत खोलीत मामांना सगळं ऐकू गेलं असणार, पण त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

दोन-तीन दिवस काम तिथंच अडलं. त्यात मिस्त्रीने मजुरीचा आकडा सांगितला आणि माझं बजेट कोलमडलं. फरशीला लागणारा पैसा मी धरला होता, सिमेंट-वाळू धरली होती, फुटावर बसवणावळ धरली होती. उखडायची मजुरी वेगळी असते हे मला माहीतच नव्हतं. शिवाय निघालेला मलबा ट्रॅक्टरने टाकून यायचा, ते वेगळं. "बाई, घर बांधणं सोपं. उखडायलाच पैसा जातो," असं म्हणून मिस्त्री हसला. मला त्याच्या हसण्याचा राग आला.

"मग उखडूच नका," मी म्हटलं. "आहे त्याच्यावरच बसवा. शहाबादी काय पळून चालली आहे का?"

मिस्त्रीला ते पटलं नाही. जुनी फरशी पोकळ वाजत असेल तिथं तर उखडावीच लागेल, दारं खालून तासावी लागतील, बाथरूम खड्ड्यात जाईल, मग तेही वर उचलावं लागेल. "आन् घराची लेव्हल किती चढती बघा. नंतर मला म्हणू नका." मला धाक दाखवायला त्याने मामांच्या खोलीच्या दारात थोडा ओला माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, पसरला, त्यावर नमुन्याची टाइल दाबली आणि म्हणाला, "हे बघा, इथपर्यंत यील."

टाइल उंबऱ्याच्या माथ्याला टेकली होती. मी कमरेवर हात ठेवून पुढचं काहीतरी सुनवायच्या तयारीत होते. हे तासायच्या दारांचे पैसे विचारत होते. तेवढ्यात पलंगावरून मामा म्हणाले, "अरं, हे तर प्लेन झालं की!"

आम्ही सगळे खाली बघायला लागलो. खरंच की! उंबरा जागच्या जागी होता आणि चढ नव्हता. मामांनी उठायचा हट्ट धरला. यांनी धरून आणलं. मामांनी वॉकरचा एक रबरी पाय त्या टाइलवरून उंबऱ्यावर सरकवला, परत मागे घेतला, परत सरकवला. लहान पोराच्या हाती खेळणं आल्यासारखं तेच करत होते.

पण अजून आत्याबाई होत्याच. त्या खाली बसल्या. उंबऱ्यावरून हात फिरवला, टाइलवरून फिरवला. मला वाटलं, आता म्हणतील, तुम्ही माझं होस्तिल पुरलं. 

"ह्याच्यावर फरशी न्हाई ना बसवणार?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

"न्हाई आजी. लाकूड असंच उघडं राहील. दोन्ही बाजूनं फरशी भिडवतो."

"हळदकुंकू लावायला जागा राहील?"

"राहील की."

"मग हाय की होस्तिल," आत्याबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. इतकं सोपं होतं ते! मी त्यांना मिठीच मारली असती, पण आमच्याकडे सुना सासूला मिठ्या मारत नाहीत. मी चहा ठेवला, आलं घालून.

फरशी लातूरहून आणली. माझं माहेर लातूरचं, भावाच्या ओळखीचं दुकान तिथं, फुटामागे चांगले पैसे सुटत होते. दुकानदार आरशासारख्या टाइला दाखवत होता. "ताई, चेहरा दिसतो बघा." मी म्हटलं, चेहरा बघायला घरात आरसा आहे, मला पाय टिकणारी दाखवा. त्याने नाइलाजाने मागच्या कोपऱ्यातली मॅट काढली. मी पाणी मागवलं, तिच्यावर ओतलं आणि चप्पल काढून तिथंच चालून बघितलं. गिऱ्हाइकं बघत होती. बघू देत. भाऊ लाजून बाहेर जाऊन उभा राहिला. शेवटी टेम्पोचं भाडं त्यानेच दिलं, "भाऊबीजेत धर," म्हणाला. वाटेतल्या लोह्यापर्यंत मी टेम्पोवाल्याला तीन फोन केले, गाडी हळू चालव म्हणून. चौथा त्याने उचललाच नाही.

उखडणं आणि मलबा वाचला म्हणून मी खुशीत होते. मग एका दुपारी सहज ओसरीत उभी राहिले आणि कपाळाला हात लावला. आतून सगळं सपाट होणार, पण मोठ्या दाराच्या बाहेर? ओसरी तशीच खाली होती. मामा मोठ्या दारापर्यंत जाणार आणि तिथं परत हाक मारणार. ओसरी मी हिशेबात धरलीच नव्हती. तीही उचलायची तर माल, फरशी, मजुरी, सगळं नव्याने.

हे म्हणाले, "ओसरीचं दिवाळीत बघू."

"आणि दिवाळीपर्यंत मामांनी दारात उभं राहून रस्ता बघायचा का?" माझा आवाज शेजारी गेला असेल. "एवढं सगळं करून शेवटच्या उंबऱ्यावर त्यांना अडवायचं?"

"मग पैसे कुठून आणू?"

पैसे कुठून येतील ते मला ठाऊक होतं. मोबाइल काढला, मागाहून यायच्या त्या फुलांच्या टाइलकडे एकदा बघून घेतलं आणि दुकानदाराला फोन करून सांगितलं, ती राहू द्या. त्या जागी ओसरीसाठी जाड खरखरीत टाइल पाठवा. वाईट वाटलं. का नाही वाटणार? सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीकडे तोंड करून मी उभी असते. भिंतीला ऑइलपेंटचा एक हात मारून घेतला, बसलं तेवढ्या पैशात.

काम चालू असताना आम्ही घरभर फिरत राहिलो. एका खोलीत फरशी तर सगळं सामान दुसरीत. मामांचा पलंग हॉलमध्ये आला. तिथून ते मिस्त्रीवर नजर ठेवायचे. "ती लाइन तिरपी जाऊन राह्यली," असं ओरडायचे. मिस्त्री दोरी लावून दाखवायचा, लाइन सरळ असायची, मामा तरी मान्य करायचे नाहीत. आत्याबाई रोज सकाळी सिमेंटच्या धुळीतून वाट काढत तिन्ही उंबऱ्यांना हळदकुंकू लावून यायच्या. आणि मी रोज संध्याकाळी खर्च मांडायचे. सुताराने दारं तासायचे जास्त घेतले म्हणून त्याच्याशी भांडले, वाळूवाल्याशी भांडले, यांच्याशी तर विनाकारणच भांडले. शेवटी एक लाख वीसमध्ये बसलं. कसं बसलं ते माझं मला माहीत.

सगळी बसवून झाल्यावर मिस्त्रीने बजावलं, मी सांगेपर्यंत वॉकरचं वजन द्यायचं नाही. मामा रोज विचारायचे, "वाळली का?" एका रविवारी सकाळी मिस्त्री आला, टाइलांवर टकटक करून बघितलं आणि म्हणाला, "चालू द्या आजोबाला."

मी ओसरीत खुर्ची मांडून ठेवली होती. रस्ता दिसेल, येणारे-जाणारे भेटतील, दोन गोष्टी होतील. वर्षभर ज्यासाठी माणूस तरसला ते आज मिळणार म्हणून मी ती खुर्ची दोनदा पुसली. हे मोबाइल धरून व्हिडिओ काढायला मोठ्या दारात उभे. आत्याबाईंना हाक मारली तर त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तवा तापलाय माझा, तुम्ही करा." घाबरल्या होत्या, दुसरं काही नाही.

पलंग परत खोलीत लावला होता, मामा त्यावरून उठले. मी जवळ गेले तर म्हणाले, "सर मागं." वॉकर पुढे टाकला, पाय टाकला, परत वॉकर. खोलीच्या उंबऱ्यापाशी सवयीने थांबले. तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. वॉकर सरकवला आणि पलीकडे गेले. मी तोंडावर पदर धरला.

हॉलच्या मध्यावर येऊन त्यांनी ओसरीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं आणि उजवीकडे वळले.

"मामा, इकडं. बाहेर इकडून."

"ठावं हाय मला," मामा म्हणाले आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत गेले.

आत्याबाई पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या. आमचा छोटा गॅस त्यांच्यासाठी खालीच ठेवलेला असतो, उभ्याने त्यांना जमत नाही. वॉकरचा आवाज ऐकून त्या वळल्या आणि दचकल्या. "अगं बया! अहो, काय पाह्यजे? हाक मारायची की."

"काही न्हाई पाह्यजे."

"मग कशाला आलात?"

मामा वॉकरवर जोर देऊन उभे होते. थोडा दम लागला होता. म्हणाले, "लई दिवस झाले, तुला भाकरी थापताना पाह्यलं न्हाई."

आत्याबाईंनी पिठाच्या हातानेच पदर डोळ्यांना लावला. मामा तसेच उभे राहून त्यांच्याकडे बघत राहिले. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, बाहेर वास येत होता, पण मी आत गेले नाही.