सात रुपयांचा गूळ सहाला

माझ्या बायकोने मला एक महिना फसवले आणि लक्ष्मण वाण्याने त्यात तिला साथ दिली. गावात ही हकीगत उलटी सांगतात, म्हणून मी सुलटी लिहून ठेवतो आहे.

पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या अंबडच्या बाजारात तेव्हा दोन रुपये चालत. एक निजामाचा हाली, दुसरा हिंदुस्थान सरकारचा कलदार. सहा कलदार म्हणजे सात हाली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दुकानात भाव सांगत तो हालीत. मी जालन्यात पोती वाहून चार पैसे गाठीला बांधले आणि अंबडला सरकी-पेंडेचं दुकान टाकलं. मोठे व्यापारी कलदारात बोलत, म्हणून मीही कमरेला बांधलेल्या पैशाच्या कशात कलदारच ठेवी. (गल्ल्यात हाली भरपूर असत. पण हाली घेऊन बाजारात हिंडणं मला कमीपणाचं वाटे. नव्या शेटला असं फार वाटतं.)

घरखर्च सुभद्रा बघायची. गल्ल्यातून महिन्याला सत्तर रुपये न्यायची. एका महिनाअखेरीला माझं डोकं फिरलं.

"सत्तर? लग्न हाय का घरात?"

"सात खाणारी तोंडं हैत," ती म्हणाली. "त्यात दुधाचा खर्चा किती जातोय बघा. म्हणून म्हणते, एक म्हैस घ्या."

"म्हैस काय हवा खाऊन राह्यती? तुला भाव करता येत न्हाई, हे खरं दुखणं हाय. लक्ष्मण सात म्हणला की तू गुपचूप सात टाकून येती."

"मंग तुम्हीच करा महिनाभर बाजार. सत्तरच्या आत बसवला तर म्हशीचं नाव काढणार न्हाई. न्हाई बसला तर म्हैस दारात पायजे."

मी हसलो. माझ्याशी पैज म्हणजे विहिरीशी खोलीची पैज.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन लक्ष्मणच्या दुकानात गेलो. त्याने गुळाचे सात रुपये सांगितले.

"चार," मी म्हणालो.

"शेटजी, चारमध्ये गुळाचा वास येतो. तेवढा घेऊन जा."

झालं. मी तापलो. त्याच्या बापाच्या तराजूपासून सुरुवात केली आणि त्याच्या गुळातल्या खड्यांपर्यंत पोचलो. दोनदा पायरी उतरून गेलो, दोनदा परत आलो. शेवटी लक्ष्मण मान खाली घालून म्हणाला, "सहा द्या. तुमच्यापुढं कुणाचं चालतंय?"

मी कमरेच्या कशातून सहा रुपये काढून फळीवर आपटले. लक्ष्मणने रुपयांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"आता एक शब्द बोलशील तर पाच देईन," मी गरजलो. त्याने तोंड मिटलं.

आता आमच्या बाजाराची रीत अशी की सौदा जिंकला त्याने बघणाऱ्यांना चहा पाजायचा. मी पाजला. चौघे होते.

पुढे तेल, डाळ, मीठ-मिरची, सगळीकडे तोच प्रकार. लक्ष्मण सात म्हणायचा, मी भांडून सहावर आणायचो. कधी कधी तर तो लवकरच सहावर यायला लागला, तर मीच त्याला सातवर परत ढकलून पुन्हा खाली ओढायचो. भांडण पुरं नको का व्हायला? माझी कीर्ती पसरली. कोर्टात तारखेला आलेले लोक पुकारा होईस्तोवर लक्ष्मणच्या ओट्यावर येऊन बसू लागले. एक वकील मला म्हणाले, "शेटजी, तुमच्यासारखा माणूस आमच्या बाजूने पाहिजे होता." त्या दिवशी मी चहाबरोबर भजीसुद्धा सांगितली.

महिना संपला. मी सुभद्रेपुढे मांडी ठोकून बसलो.

"साठ," मी म्हणालो. "तुझे सत्तर, माझे साठ. बोल."

ती निवडत असलेल्या तांदळातून नजर न काढता म्हणाली, "कुठले साठ?"

"कुठले म्हणजे?"

"हाली का कलदार?"

मी बोटांवर मोजलं. साठ कलदार म्हणजे सत्तर हाली. महिनाभर घसा फोडून मी सातचे सहा केले होते आणि त्या सहाला सातच मोजले होते.

"लक्ष्मणला जित्ता सोडत न्हाई," मी उठलो.

"बसा खाली. लक्ष्मणभावजी पहिल्याच दिवशी मागच्या दारानं सांगायला आल्ते. म्हणाले, वहिनी, शेटजी बोलूच देत न्हाईत, हे जास्तीचे पैसे घ्या. मीच म्हणलं, ऱ्हाऊ द्या. महिनाभर असंच चालू द्या."

"तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही इतके खूश होऊन घरी यायचे," ती म्हणाली, "सांगू वाटंना."

यावर रागवावं कसं, हे मला सुचेना. पण मी व्यापारी माणूस. "बरं," मी म्हणालो, "तुझे सत्तर, माझेही सत्तर. बराबरी झाली. बराबरीत म्हैस येत न्हाई."

"आन् चहा?"

चहा मी धरलाच नव्हता. भजी तर नाहीच नाही.

म्हैस वडीगोद्रीहून आणली. तोंड उघडायचं नाही, अशी शपथ घालून सुभद्रेने मला बरोबर नेलं. मालकाने किंमत सांगितली. ती नुसतीच म्हशीभोवती फिरत राहिली. दुसऱ्या फेरीला मालक आपण होऊन दहाने उतरला, तिसऱ्या फेरीला आणखी पाचने. मी उपरणं तोंडात धरून उभा होतो.

घरी आल्यावर म्हैस दूध देईना. सुभद्रेने चुचकारलं, पेंड घातली (माझ्याच दुकानातली, फुकट), कपाळाला कुंकू लावलं. एक थेंब नाही. मला संताप आला. "पैसे काय मुतारीत टाकले का गं, टोणगे," म्हणून मी म्हशीवर ओरडलो, आणि तिने पान्हा सोडला. मागून कळलं, जुना मालक धार काढताना तिला शिव्या घालायचा. तेवढ्याशिवाय तिला चैन पडत नसे.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मी गोठ्यात उभा राहून म्हशीला झापतो आणि सुभद्रा धार काढते. उरलेलं दूध ती विकते. तिच्या महिन्याच्या हिशेबात दूध आहे, पेंड आहे, शेणाच्या गोवऱ्यासुद्धा आहेत. माझा घसा कुठेच नाही. दिवसातून दोन वेळा ओरडायची मजुरी कोणत्या खात्यात गेली, याचा जबाब तिने मला द्यावा.